पट्ट्यावर चढण्याआधी

जिममध्ये नाव घालायला येणारा माणूस आधी फी विचारतो आणि मग ट्रेडमिल किती आहेत ते. सकाळी रिकामी मिळते का, पाऊण तास सलग चालवू देता का, मागे कुणी खोळंबून उभं तर राहत नाही ना. चरबी उतरवायची तर घाम काढायचा आणि घाम काढायचा तर पट्ट्यावर पळायचं, हे गणित लोक घरूनच मांडून येतात. पुण्यात कोथरूडच्या बाजूला एका जिममध्ये मी बरीच वर्षं ट्रेनर आहे. सकाळच्या बॅचला बँकेतले, आयटीतले आणि निवृत्त झालेले, अकराच्या पुढे गृहिणी, संध्याकाळी कॉलेजची मुलं आणि पोलीस भरतीची तयारी करणारे. वय वेगळं, खिसा वेगळा, प्रश्न तोच. "मॅडम, कार्डिओ कधी करू?" सकाळी उपाशीपोटी? वजनं उचलायच्या आधी की नंतर? रोज केला तर लवकर उतरेल का?

उत्तराआधी मी उलट विचारते, वजनं कधी उचलणार? बहुतेकांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. माझ्या मते कार्डिओची वेळ ठरते ती यावरच. चरबी जाते ती आठवडाभरात पोटात किती गेलं आणि अंगाने किती खर्च केलं यातल्या फरकातून. त्यात पहाटेचं पळणं आणि संध्याकाळचं पळणं असा भेद फारसा उरत नाही. स्नायूंचं तसं नाही. तंगीच्या महिन्यात घरातला जो खर्च रोज उपयोगी पडताना दिसत नाही तोच आधी कापला जातो. खाणं कमी केलेल्या दिवसांत शरीर स्नायूंशी तसंच वागतं. त्यांच्याकडून नियमाने जड काम करून घेतलं, तरच ते राखले जातात. आणि दमलेल्या पायांकडून जड काम होत नाही. एवढ्या दोन गोष्टी पटल्या की वेळापत्रक आपोआप लागतं.

आपल्याकडे हे जास्तच मनावर घ्यायला हवं, आणि त्याचं कारण पुण्यातच मिळतं. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर एक छोटंसं टिपण छापलं. त्यात उदाहरण म्हणून ते दोघं स्वतःच होते. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मी हे आकडे माझ्या मेंबरांना नेहमी सांगते, कारण आमच्या जिममध्ये असेच लोक पुष्कळ येतात. हातपाय काटकुळे, पोट पुढे, वजनकाटा म्हणतो सगळं ठीक. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. ज्याच्या अंगावर स्नायू मुळातच बेताचे आहेत, त्याने वजन उतरवण्याच्या नादात तेच घालवले, तर पॅंट सैल होईल, पण साखरेची काळजी होती तिथेच राहील.

एक बाई मला नेहमी आठवतात. बँकेत अधिकारी, पंचेचाळिशी ओलांडलेली, माहेरी मधुमेह. पहाटे वेताळ टेकडी, तिथून तडक जिम, पट्ट्यावर पाऊण तास आणि वेळ उरलाच तर सगळ्यात हलक्या डंबेलचे दोन सेट. रात्री जेवण बंद, नुसतं सूप. काही महिन्यांत काटा सात-आठ किलो खाली आला होता आणि नातेवाईक कौतुक करत होते. माझ्याकडे त्या आल्या ते वेगळीच तक्रार घेऊन. गॅसचा सिलिंडर जागचा हलवताना हात थरथरतात म्हणाल्या. टेकडी चढून होते, पण देवघरासमोर बसलं की हाताचा टेकू दिल्याशिवाय उठता येत नाही. चेहरा ओढल्यासारखा झाला होता, दंड लोंबत होते, आणि कमरेचा घेर त्या मानाने फारसा हलला नव्हता.

मी त्यांना साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीशी बांधायला सांगितले आणि म्हटलं, आता उठा-बसा करा. पहिल्या तीन वेळा नीट उठल्या. चौथ्या वेळी उठण्याआधी त्यांनी अंग मागे घेऊन झोका घेतला. पाचव्या वेळी उजवा गुडघा आत वळला आणि सगळा भार डाव्या पायावर गेला. रोज टेकडी चढणारी बाई! चढणं हे शेकडो हलक्या पावलांचं काम आहे, ते त्यांना उत्तम जमत होतं. पण एका दमात सगळं अंग वर उचलायला जी ताकद लागते, तिची गरजच त्यांनी शरीराला बरेच महिने दाखवली नव्हती. काट्यावरून उतरलेल्या किलोंमध्ये मांड्यांचा आणि पाठीचा वाटा किती, हे सांगायला मला कुठलंही मशीन लागलं नाही.

आम्ही व्यायाम वाढवला नाही, त्याची जागा बदलली. आठवड्यातले तीन दिवस वजनांचे. त्या दिवशी टेकडी नाही, आल्याबरोबर पट्टाही नाही. पाच-सात मिनिटं सायकल, तीही अंग गरम होण्यापुरती, आणि मग थेट स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, छातीचा एखादा व्यायाम. ते झाल्यावर वीस मिनिटं पट्ट्याला चढ देऊन चालणं. उरलेल्या दिवसांत टेकडी, पण गप्पा मारता येतील अशा चालीने, आणि आठवड्याचा एक दिवस अंगाला पूर्ण सुटी. रात्रीचं जेवण परत सुरू. पहिले दोन महिने काटा जागचा हलेना आणि त्या हिरमुसल्या. मी दर पंधरवड्याला टेप लावत होते. कमर उतरत होती, मांडी तेवढीच होती. वहीत गोब्लेट स्क्वॉटचा डंबेल हळूहळू जड होत होता. पुढे काटाही उतरायला लागला, आधीपेक्षा कितीतरी सावकाश, पण या वेळी सिलिंडरची तक्रार आली नाही.

मी हे वहीचं प्रकरण फार महत्त्वाचं मानते. अंगातली चरबी मोजणारी मशीन आता बहुतेक जिममध्ये असते, पण माणूस पाणी किती प्यालाय आणि कधी जेवलाय यावर तिचा आकडा वरखाली होतो. वहीतलं वजन असं फिरत नाही. डाएटवर असताना तुमचा स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि बेंच जागेवर टिकून आहेत, तर स्नायूंची काळजी करू नका. तिन्ही एकदमच उतरायला लागले आणि आठवड्यामागून आठवडा उतरतच राहिले, तर पळणं जास्त होतंय, खाणं कमी पडतंय किंवा झोप होत नाही, या तिन्हींपैकी काहीतरी खरं आहे.

आता आधी की नंतर. संध्याकाळच्या बॅचमधला एक आयटीतला मुलगा ऑफिसातून यायचा, बॅग टाकायचा आणि चाळीस मिनिटं पळायचा. मग स्क्वॉट रॅककडे. त्याचा सेट मी बाजूने उभं राहून बघितला. पहिले तीन रेप्स ठीक. चौथ्याला टाचा किंचित उचलल्या. पाचव्याला खालून वर येताना बूड आधी वर गेलं आणि छाती मागे राहिली, बार पायाच्या बोटांकडे सरकला, आणि जे काम मांड्यांनी करायचं ते कमरेने केलं. तो म्हणाला, "मॅडम, पाय चांगले पेटलेत." पेटले होते, पण पळण्याने. पुढच्या वेळी मी त्याला फक्त अंग गरम करू दिलं आणि तोच बार पाठीवर दिला. आठ रेप्स सरळ रेषेत वर आले आणि चेहऱ्यावर आश्चर्य. स्नायूंमध्ये साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, हे जड कामाचं मुख्य इंधन. ते पळण्यात वापरून टाकलं की बारखाली उरतो तो नुसता निश्चय. म्हणून एकाच वेळी दोन्ही करायचं असेल तर वजनं आधी, कार्डिओ नंतर. यावर मी कधीच तडजोड करत नाही.

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं संशोधन एका वजन उचलणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवातून निघालंय. रॉबर्ट हिक्सन हा अमेरिकेतला संशोधक. ताकदीच्या व्यायामाचा शौकीन. सेंट लुईसमध्ये जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत काम करताना तो त्यांच्याबरोबर रोज पळायला लागला आणि आपले स्नायू उतरताहेत हे त्याच्या लक्षात आलं. पुढे त्याने रीतसर प्रयोग केला आणि १९८० साली तो छापला. एक गट फक्त ताकदीचा व्यायाम करणारा, एक फक्त दमाचा, एक दोन्ही करणारा. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत छान वाढली, मग अडली, आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात चक्क उतरली. दमाच्या बाबतीत मात्र ते कुठे कमी पडले नाहीत.

हे ऐकून काही मुलं कार्डिओ पूर्णच सोडतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. हिक्सनच्या गटाने ताकदीचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस आणि दमाचा सहा दिवस केला होता, तोही जीव तोडून. नोकरी करून येणाऱ्या माणसाने आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास मध्यम गतीने कार्डिओ केला तर त्याच्या मांड्या वितळत नाहीत. हृदयाला, रक्तदाबाला, झोपेला त्याचा फायदा आहे, आणि दम वाढला की वजनांच्या दोन सेटमध्ये कमी विश्रांतीही पुरते. २०१२ साली २१ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं की अडथळा होतो तो मुख्यतः पळण्याने, सायकलने फारसा नाही. आणि कार्डिओ जितका लांबवाल आणि जितक्या वारंवार कराल तितका तो वाढतो. माझ्या रोजच्या पाहण्यात हे तंतोतंत बसतं. पळताना प्रत्येक पाऊल जमिनीवर आपटतं, मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि दुसऱ्या दिवशी पाय ठणकतात. सायकलवर तो आघात नाही. त्यामुळे ज्याला चरबी उतरवायची आहे आणि पळण्याची खास आवडही नाही, त्याला मी सायकल, क्रॉस ट्रेनर किंवा चढावरचं चालणं देते. आवड असेल तर पळायला माझी ना नाही, फक्त पायांच्या व्यायामाच्या आदल्या दिवशी नको.

उपाशीपोटीचा प्रश्न पुण्यात जरा जास्तच येतो, कारण इथे टेकडी ही सवय आहे. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पहाटे सगळीकडे माणसं असतात आणि बहुतेक चहा घेऊन किंवा तेही न घेता आलेली असतात. रात्रभराच्या उपासानंतर चाललं की त्या तासात चरबी जास्त प्रमाणात जळते, हे खरंच आहे. पण उरलेल्या दिवसात शरीर तो हिशेब भरून काढतं. २०१४ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी वीस तरुण मुलींवर चार आठवडे हे तपासलं. निम्म्या उपाशीपोटी तासभर कार्डिओ करायच्या, निम्म्या खाऊन, दोन्ही गटांचं खाणं सारखंच कमी केलेलं. चरबी दोन्ही गटांची उतरली, आणि त्यात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. प्रयोग लहान आहे, पण माझ्या मेंबरांमध्येही मला याहून वेगळं काही दिसलेलं नाही. तेव्हा उपाशीपोटी टेकडी चढायची तर खुशाल चढा. चालण्याने स्नायूंचं काही बिघडत नाही. जोरात पळायचं किंवा वजनं उचलायची असतील तर मात्र निदान एक केळं खाऊन या. आणि टेकडीवरून उतरल्यावर "आज कॅलरी जाळल्यात" म्हणून कोपऱ्यावर वडापाव घेऊ नका. साठ किलोच्या माणसाच्या पाच किलोमीटर पळून साधारण ३०० कॅलरी खर्च होतात. तेवढ्या एका वडापावात भरून येतात, आणि पट्ट्याच्या पडद्यावरचा आकडा तर बरेचदा याहूनही फुगवून सांगतो.

भरतीच्या मुलांचं गणित वेगळं आहे आणि त्यांना मी हे सगळं उलटं करून देते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. तिथे धावणं हीच परीक्षा, म्हणून ताज्या अंगाने धावणंच आधी. ही मुलं पहाटे मैदानावर जातात आणि वजनांना संध्याकाळी येतात. मध्ये सहा-आठ तास जातात, दोनदा पोटभर जेवण होतं. दोन्ही एकाच दिवशी करायचंच असेल तर याहून चांगली सोय नाही. गोळा फेकायला खांदा आणि मांडी लागते, ती नुसत्या पळण्याने येणार नाही, हे त्यांना पटवावं लागत नाही. त्यांना ते मैदानावर दिसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती श्रावणात आणि नवरात्रात. नऊ दिवस उपास आहेच, तर त्यातच वजन उतरवून घेऊ, असं म्हणत बायका पट्ट्यावरचा वेळ दुप्पट करतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, वरीचे तांदूळ. पोट भरतं, पण स्नायूंना लागणारं प्रोटीन त्यात जेमतेम. वर लांबलचक कार्डिओ. शरीराला स्नायू मोडायला याहून चांगलं निमित्त देताच येणार नाही. श्रद्धेच्या बाबतीत मी बोलत नाही, ती ज्याची त्याची. मी एवढंच करते की त्या नऊ दिवसांत पळणं बंद करते, वजनं थोडी हलकी करून चालू ठेवते, आणि ताटात दही, पनीर, दूध, शेंगदाणे, राजगिरा वाढवायला लावते. गरब्याला जाणाऱ्या मुलींना तर वेगळा कार्डिओ लागतच नाही. रात्री दोन-तीन तास नाचून झाल्यावर सकाळी पट्टा कशाला?

एरवीच्या दिवसांतही आपल्या ताटात प्रोटीन कमीच पडतं. निरोगी माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम ही राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे, पण ती डाएट आणि वजनांचा व्यायाम एकत्र करणाऱ्यासाठी नाही. मी अशांना दीडपटीच्या पुढे, १.६ ग्रॅमपर्यंत न्यायला सांगते. साठ किलोच्या बाईला म्हणजे दिवसाला ९६ ग्रॅम. सकाळचे पोहे, दुपारची पोळीभाजी, रात्रीचा वरणभात यांत ते बसत नाही. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, उसळीत वाटीमागे थोडं, असं जमवत जावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली चाळीस तरुणांचं खाणं चार आठवडे तब्बल ४० टक्क्यांनी कमी केलं आणि कसून व्यायाम करवला. ज्यांना दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन दिलं, त्यांची जवळपास पाच किलो चरबी गेली आणि स्नायूंचा भाग किलोभर वाढला. १.२ ग्रॅमवाल्यांचे स्नायू जेमतेम टिकले. झोपेचंही तसंच आहे. शिकागो विद्यापीठात २०१० साली दहा जणांना सारख्याच डाएटवर एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास तेवढंच, तीन किलो, उतरलं. पण भरपूर झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि कमी झोपेत फक्त ०.६. म्हणून रात्री बाराला झोपून पहाटे पाचला पळायला उठणाऱ्या मेंबरला मी सरळ सांगते, उद्या गजर लावू नका, संध्याकाळी या.

लग्नसराईत मुली येतात त्या मुहूर्ताच्या दोन महिने आधी, शालू आणि ब्लाऊजची मापं डोक्यात घेऊन. आठ किलो उतरवायचेत म्हणतात. मी आठवड्याला वजनाच्या अर्ध्या ते एक टक्क्यापेक्षा जास्त कबूल करत नाही. पहिले दोन आठवडे नुसती वजनं, ताटातली सुधारणा आणि रात्री जेवल्यावर घरातल्यांबरोबर वीस मिनिटं चालणं. कार्डिओ म्हणून वेगळं काहीच नाही. काटा अडला की मग वजनांनंतर पंधरा-वीस मिनिटं सायकल. पुन्हा अडला तर खाणं थोडं कमी किंवा सायकलचा एक दिवस जास्त, दोन्ही एकदम कधीच नाही, कारण मग कशाने काय झालं हे कळत नाही आणि पुढच्या अडथळ्याला हातात काही उरत नाही. लग्नाच्या आठवड्यात पळणं आणि जोराचे व्यायाम पूर्ण बंद, दोन दिवस हलकी वजनं आणि पोटभर जेवण. हळदीच्या दिवशीही एखादी विचारते, "मॅडम, सकाळी अर्धा तास पट्ट्यावर येऊन जाऊ का?" मी नाही म्हणते.